फॉरवर्ड करण्याआधी...

मंडळी, मे २०२५ आठवा. ऑपरेशन सिंदूर चालू होतं अन् आपल्या रेणापूरच्या ग्रुपवर विमान पाडल्याचे व्हिडिओ धडाधड पडत होते. देशभर फिरलेले त्यातले काही चक्क 'आर्मा ३' गेममधले निघाले. पीआयबी फॅक्ट चेकनं तेव्हाच सांगितलं.

गेममधलं विमान गोळी लागून खऱ्यासारखं पेटावं, ही त्या कारागिरांची कला. गेमच्या कंपनीनं २०२२ मध्येच ओळखायच्या खुणाही दिल्यात: अंधार, हलणारा कॅमेरा, अस्पष्ट चित्र, आवाज गायब, हलती माणसं जवळपास नाहीतच.

चुकतं ते आपलं बोट. ज्या माऊलीचं लेकरू सीमेवर आहे, तिच्याही मोबाईलवर तेच विमान पेटतं. तिची रात्र कशी जात असेल? एवढा विचार करा, मगच पाठवा.