चिमटीचा चमचा झाला

दिल्लीत फतेहपुरी मशिदीशेजारच्या खारी बावलीत जडीबुटीच्या दुकानांपुढे हिरव्या भुकट्या उघड्या पोत्यांतून मांडलेल्या असतात. त्यांत कडुनिंबाच्या पानांची भुकटी हमखास असते. वजन करून पुडी बांधून देतात. पुडीवर नाव नाही, तारीख नाही, किती घ्यायची ते नाही. ‘रक्त साफ होईल, साखर उतरेल, रोज सकाळी एक चमचा घ्या’ एवढे तोंडी सांगतात. नोएडा-गुरुग्राममध्ये तीच भुकटी छान डब्यात घरपोच येते. ‘हजारो वर्षांची परंपरा’ हे शब्द मात्र दोन्हीकडे असतात.

ही परंपरा आपल्या घरातली आहे, म्हणून ती नीट आठवली पाहिजे. पाडव्याला आपण कडुनिंबाची कोवळी पाने, फुलोरा असला तर तोही, गूळ, ओवा, मिरी, हिंग, मीठ, चिंच असे वाटून खातो. किती? बोराएवढी गोळी, तीही चैत्राच्या पहिल्या दिवशी. एरवी हे झाड अंगाबाहेरच वापरले जाई: कांजिण्या उतरल्या की आंघोळीच्या पाण्यात पाला, धान्याच्या कणगीत आणि लोकरी कपड्यांत सुकी पाने, डासांसाठी धुरी. वैद्य पोटात देत, ते रोगी पाहून, मोजून आणि ठरावीक दिवस. निरोगी माणसाने वर्षभर रोज चमचा चमचा खावे, हे या परंपरेत मला कुठेच दिसत नाही. त्यामुळे पाडव्याची गोळी सोसली म्हणून रोजचा चमचाही सोसेल, असे म्हणता येत नाही.

कडुनिंब गुणी आहे, यात वादच नाही. सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी 1942 मध्ये त्याच्या तेलातून निंबिनसारखी कडू द्रव्ये वेगळी काढली. त्याआधी दिल्लीच्याच तिब्बिया कॉलेजात ते वनौषधींवर संशोधन करत होते. पण जे गुण करते, ते अवगुणही करू शकते. पाला साखर उतरवतो, म्हणूनच मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना ती नको तितकी उतरण्याची भीती असते. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत डॉ. जी. पी. तलवार यांच्या गटाने कडुनिंबापासून गर्भनिरोधक बनवण्यासाठी कित्येक वर्षे काम केले. हे कळल्यावर गर्भवतीने किंवा मूल हवे असलेल्या जोडप्याने ही भुकटी ‘नैसर्गिक’ म्हणून का घ्यावी? लहान मुलांना तर कडुनिंबाचे तेल पाजल्याने जिवावर बेतल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तेल आणि पान एक नव्हे, हे खरे. तरी मुलांच्या पोटात यातले काहीही आपल्या मनाने घालू नये.

आणि पुडीत कडुनिंबच आहे कशावरून? दिल्लीत रस्तोरस्ती दिसायला तसाच बकाणा निंबही उभा आहे. झाडाखाली उभे राहिले तर फरक दिसतो. कडुनिंबाच्या एकाच दांड्यावर दोन्ही बाजूंना कोयत्यासारखी वाकडी, करवती कडांची पाने असतात. बकाण्याच्या दांड्याला पुन्हा फांद्या फुटतात. या बकाण्याची फळे विषारी आहेत. भुकटी झाली की पाहणाऱ्याला सगळे हिरवेच. रस्त्याकाठच्या पाल्यावर बसलेली दिल्लीची धूळही त्यात दळली जाते.

पुडीत नेमके काय, हा प्रश्न गुळवेलीबाबतही निघाला होता. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: रुग्णांनी घेतलेली वनस्पती तपासलेलीच नाही, ती दिसायला सारखी दुसरी जात असू शकते. आक्षेप रास्त धरला तरी काळजी वाढतेच. तज्ज्ञांनाही नंतर सांगता येत नसेल की पोटात काय गेले, तर पुडी घेणाऱ्या गृहिणीने कसे ओळखावे?

परवानाधारक आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि घटकांची नावे छापणे कायद्याने बंधनकारक आहे. हे नसलेली भुकटी पोटात घेण्यासाठी विकत घेऊ नका. चालू असेल तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा; रक्ततपासणीपूर्वी आणि शस्त्रक्रियेपूर्वी तर आवर्जून सांगा. आणि दिल्ली सरकारच्या औषध निरीक्षकांनी खारी बावलीतल्या सुट्या भुकट्यांचे नमुने नियमित तपासून निकाल जाहीर करावेत. त्यात खरा कडुनिंब विकणाऱ्या दुकानदाराचेही भलेच आहे.