घुंगराचा आवाज कोणाला येतो?



नाताळच्या सुट्टीत मुलांबरोबर वाचावे असे एक चित्रपुस्तक आहे, 'द पोलर एक्स्प्रेस'. अमेरिकन लेखक-चित्रकार ख्रिस व्हॅन ऑल्सबर्ग यांचे हे पुस्तक १९८५ साली आले. सांताक्लॉजची गोष्ट जैन घरात कशाला, असे कुणी म्हणेल. पण तिचा खरा विषय श्रद्धा आहे, आणि तो तर आपल्या रोजच्या जगण्यातला आहे.

नाताळच्या आदल्या रात्री एक मुलगा अंथरुणात कान देऊन पडला आहे. सांताच्या गाडीची घुंगरे तुला कधीच ऐकू येणार नाहीत, असे मित्राने त्याला सांगितलेले असते. घुंगरांऐवजी येतो तो आगगाडीच्या वाफेचा आवाज. ती गाडी त्याला उत्तर ध्रुवावर नेते. हवी ती भेट माग म्हटल्यावर तो सांताच्या गाडीचे एक रुपेरी घुंगरू मागतो. ते खिशाच्या भोकातून हरवते आणि सकाळी झाडामागे सापडते. वाजवल्यावर त्याला आणि त्याच्या बहिणीला गोड आवाज येतो. आईबाबांना काहीच ऐकू येत नाही. ते बिघडले आहे, असेच त्यांना वाटते.

लेखकाची हातोटी पाहा. न आलेल्या आवाजाने गोष्ट सुरू होते आणि त्याच आवाजावर संपते. श्रद्धेवर प्रवचन नाही, फक्त एक घुंगरू. आईबाबांना दोषही दिलेला नाही.

एका गोष्टीशी मात्र माझे जमत नाही. पुढे मित्रांना आणि बहिणीलाही तो आवाज येईनासा होतो. म्हातारपणीही तो येतो, तो एकट्या निवेदकाला. म्हणजे मोठे होणे म्हणजे श्रद्धा गमावणे, असा समज मुलांच्या मनात राहू शकतो.

आपल्याकडे तसे नाही. इंद्रभूती गौतम मनात जीवाविषयी शंका घेऊन भगवान महावीरांकडे आले. शंका फिटली आणि ते पहिले गणधर झाले. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत पहिले निःशंकित. शंका दाबून टाकल्याने मन निःशंक होत नाही, ती फिटल्यावर होते.

पण घरात काय होते? दहा-बारा वर्षांचे मूल विचारते, कांदा-बटाटा का नाही? रात्री का जेवायचे नाही? आणि उत्तर मिळते, "मोठ्यांना उलट विचारू नये." मूल गप्प बसते. पुढे पाठशाळेला जाणे सुटते आणि आपण वयाला दोष देतो.

माझे म्हणणे इतकेच, की मुलांचा प्रश्न टाळू नका. माहीत असेल ते सांगा. माहीत नसेल तर त्यालाच बरोबर घेऊन महाराजांना किंवा पंडितजींना विचारा. ज्याची शंका मोकळेपणाने ऐकून घेतली, त्या मुलाला घुंगराचा आवाज मोठेपणीही येत राहील.