कव्हरच्या आधी टप

एप्रिल लागला की हैदराबादच्या मराठी घरांतून अमेरिकेची तयारी सुरू होते. काचीगुडा-बरकतपुऱ्यातलं जुनं घर असो की कोंडापूरकडचा फ्लॅट, मुलांकडे सहा महिने राहून दसरा-दिवाळीच्या सुमाराला परतायचं, हे अनेकांचं ठरून गेलेलं आहे. गॅस बंद, नळ बंद, कुंड्या शेजाऱ्यांकडे आणि गाडीवर कव्हर. यातलं शेवटचं काम सगळ्यांत घाईत उरकलं जातं आणि त्याची किंमत परतल्यावर मोजावी लागते. कव्हर कुठलं घ्यावं यावर घरोघरी भरपूर खल होतो. ते ज्यावर टेकणार त्या टपाकडे मात्र कुणी बघत नाही. टपावर अँटेना असतो, दोन्ही कडांना रेल असतात, कुठे कॅरियर, आणि अलीकडे हौसेने घेतलेलं सनरूफ. कव्हरचा ताण, वाऱ्याचा हिसका आणि साचणारं पाणी हे सगळं याच जागांवर येतं. म्हणून आधी टप तयार करावा आणि मगच कव्हर घालावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

ब्रिटनमधले कॅरव्हॅनवाले हिवाळ्यात गाडी झाकून ठेवताना टपावरच्या झरोक्यांचे कोपरे आणि अँटेना आधी फोमने गुंडाळतात. त्यांना थंडी काढायची असते, आपल्याला एप्रिल ते ऑक्टोबर, आणि हा काळ गाडीला अधिक जड जातो. मे महिन्यात पारा 40 अंशांच्या पुढे जातो. जून-जुलैत पठारावरचा पश्चिमेचा वारा दिवसदिवस पडत नाही. वर्षाचा पाऊस साधारण 800 मिलिमीटर, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. आणि परतीचा पाऊस काय करू शकतो ते 13 ऑक्टोबर 2020 च्या पुरात शहराने भोगलं आहे. त्यात इथली धूळ. हैदराबाद ग्रॅनाइटवर वसलंय आणि बांधकामासाठी तो सतत फोडला जातो. त्या धुळीतले क्वार्ट्झचे कण काचेपेक्षाही कठीण असतात. कव्हर वाऱ्याने फडफडू लागलं की हेच कण कापड आणि रंग यांच्यामध्ये घासले जातात, आणि अँटेनाच्या टोकाशी कापड आधी विरतं, मग फाटतं. एकदा भोक पडलं की त्यातून शिरलेलं पाणी आतच कोंडतं.

रेलची तऱ्हा वेगळी. दोन रेलच्या मध्ये कापड ताणलं जातं, पहिल्या जोरदार सरीत झोळीसारखं खाली येतं आणि त्यात पाणी साचून राहतं. सनरूफवाल्यांनी तर जास्तच जपावं. सनरूफचं रबर सगळं पाणी अडवत नाही, ते तसं अपेक्षितही नसतं. आत शिरलेलं पाणी काचेभोवतीच्या पन्हळीत उतरतं आणि कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून गाडीखाली जातं. लिंबाची पानं किंवा गुलमोहराची बारीक पानगळ त्या नळ्यांत अडकली की पाणी आतल्या छताच्या कापडात मुरतं. कव्हरखाली हे महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. निघण्याआधी काच उघडून पन्हळ पुसावी, कोपऱ्यात पेलाभर पाणी हळू ओतावं आणि ते गाडीखाली टपकतंय ना ते बघावं.

मग काय काय करायचं? जे उतरतं ते उतरवावं: कॅरियर, आणि जुन्या धाटणीचा काडीचा अँटेना, जो हाताने फिरवून निघतो. जे उतरत नाही त्याला एसीच्या तांब्याच्या पाइपावर चढवतात ते काळं फोम चढवावं. राणीगंजला किंवा ट्रूप बाजारात ते सहज मिळतं. लांबीत चिरलं की रेलवर नीट बसतं, आणि पाणी शोषत नाही हा त्याचा मोठा गुण. स्पंज किंवा जुनी चादर पाणी धरून ठेवते, त्याने रंगावर डाग पडतात. बांधायला सुती नाडी घ्यावी. चिकटपट्टीचा गोंद मे महिन्याच्या उन्हात वितळून टपालाच धरतो. टपाच्या मधोमध फोमची एक जाड गुंडाळी लांबीत ठेवली की कव्हरला उतार मिळतो आणि झोळी होत नाही. गाडी मात्र धुऊन, पूर्ण वाळवून मगच झाकावी.

यावर कुणी म्हणेल, आमची गाडी सेलारमध्ये, म्हणजे तळघरातल्या पार्किंगमध्ये असते, तिथे कसला वारा आणि कसला पाऊस! बरोबर आहे, तिथे फोमची गरज कमी. पण स्लॅबमधून झिरपणारं पाणी चुना घेऊन टपावर पडतं आणि त्याचे पांढरे ओघळ रंगात रुततात, तेव्हा कव्हर तिथेही हवंच. दुसरा आक्षेप असा की अँटेनासाठी खिसा शिवलेलं कव्हर बाजारात मिळतंच. मिळतं, आणि खिसा नेमक्या जागी बसत असेल तर जरूर घ्यावं. मात्र त्याने रेलचा प्रश्न सुटत नाही आणि खिशाच्या शिवणीतून पाणी झिरपू शकतं. तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो: उघड्यावर, वाऱ्याच्या तोंडी उभ्या गाडीला कव्हर घालूच नये. पोटाखालून पट्टा आवळता येत नसेल तर हे मला पूर्ण मान्य आहे. फडफडणाऱ्या कव्हरपेक्षा उघडी गाडी बरी. ऊन लागेल, पक्षी घाण करतील, पण रंग घासला जाणार नाही. प्लास्टिकची ताडपत्री तर कुठेच नको, तिच्याखाली वाफ कोंडते.

घराची किल्ली ज्यांच्याकडे ठेवता त्यांना एवढं आवर्जून सांगावं: मोठा पाऊस होऊन उघडीप पडली की दुपारी कव्हर अर्धं मागे सारायचं, टप कोरडा होऊ द्यायचा आणि पुन्हा झाकण्याआधी फोम जागेवर आहे की सरकलंय ते हाताने चाचपायचं.