आधी तुमची वही दाखवा!

‘माल नको, दुकान नको, भांडवल नको, हातात मोबाइल असला की महिन्याला लाख रुपये घरबसल्या!’ अशी आरोळी ठोकून जे लोक आज मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतल्या तरुणांना ऑनलाइन व्यापाराचे धडे विकत आहेत, त्यांना शिक्षक म्हणणे हा शिक्षकांचा अपमान आहे आणि व्यापारी म्हणणे हा व्यापाऱ्यांचा. ते लुटारू आहेत. दरोडेखोर निदान तोंड बांधून येतो. हे लोक स्वतःचा चेहरा जाहिरातीत झळकावून, भाड्याच्या मोटारीला टेकून, आपल्याच पोरांना ‘भावांनो’ म्हणत लुटतात. आणि सरकार, पोलीस, बँका, जाहिरातीचा पैसा मोजून घेणाऱ्या बलाढ्य परदेशी कंपन्या, सगळे बघत उभे आहेत!

आमचा राग ऑनलाइन विक्रीवर आहे, असा सोयीचा अर्थ कोणी काढू नये. धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकीच्या बाईने केलेली कडक भाकरी पुण्याच्या ताटात पोचावी आणि तिचा पैसा मधल्या चार हातांत न झिजता तिच्या खात्यात पडावा, यापरते चांगले काय? हा मुलूख व्यापाराला नवखा नाही. ढोकीजवळचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीक भाषक दर्यावर्द्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये या तगराचे नाव आहे. इथले जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जात होती आणि तिथून समुद्रापार रोमन जगात. दोन हजार वर्षांपूर्वी तेरणा नदीकाठच्या माणसाने न पाहिलेल्या गिऱ्हाइकाला माल विकला. त्याच तेरणेच्या खोऱ्यातल्या पोराला आज ‘विकायचे कसे’ हे शिकण्यासाठी भामट्याचे पाय धरावे लागावेत, ही शरमेची गोष्ट आहे. पण ती त्या पोराची शरम नव्हे.

शरम कोणाची, तेही सांगतो. ढोकी हे तेरणा सहकारी साखर कारखान्याचे गाव. मराठवाड्यातल्या सुरुवातीच्या सहकारी कारखान्यांपैकी हा एक. त्याच्या भोंग्यावर इथल्या घरांची घड्याळे चालत होती. हॉटेल, गॅरेज, किराणा, उसाच्या गाड्या, सगळा पसारा त्याच्या जिवावर. तो कारखाना कर्जात बुडाला, वर्षानुवर्षे बंद राहिला आणि पुढे भाडेकराराने दुसऱ्याच्या हाती गेला. मधल्या काळात एक अख्खी पिढी बारावी झाली, पदवीधर झाली आणि पारावर येऊन बसली. 2018 साली नीती आयोगाने ‘आकांक्षित जिल्ह्यां’ची यादी काढली, तिच्यात महाराष्ट्रातले चारच जिल्हे होते आणि त्यांत आमचा जिल्हा एक. जिल्ह्याचे नाव उस्मानाबादचे धाराशिव झाले. पारावरच्या पोराची अवस्था तीच राहिली. ही जी रिकामी जागा राज्यकर्त्यांनी निर्माण करून ठेवली, तिथेच हे भामटे शिरले आहेत. बेकारी सरकारने पेरली आणि तिची कापणी हे लोक करीत आहेत!

त्यांची कार्यपद्धती नीट समजून घ्या, कारण ती सगळीकडे सारखी आहे. आधी 30 सेकंदांची रील. खाली ‘लिंक बायोमध्ये’. लिंक दाबली की 99 रुपयांचा ‘मास्टरक्लास’. त्या दोन-तीन तासांत विक्रीबद्दल कामाचे एक वाक्य नसते. असतात ते कमाईचे स्क्रीनशॉट, आईच्या डोळ्यांतले पाणी, नवी गाडी आणि ‘पुढच्या दहा मिनिटांत पैसे भरणाऱ्यांनाच सवलत’. मग 5,000 चे पॅकेज, मग 25,000 चे. हातात पैसे नाहीत म्हटले की हप्त्याने कर्ज देणारे ॲप तेच सुचवतात. पैसे भरले की व्हॉट्सॲपच्या एका गटात टाकतात आणि तिथे पहिल्यांदा खरा धंदा उघडा पडतो: हेच पॅकेज तू तुझ्या मित्राला विक, तुला त्यातले कमिशन! म्हणजे शिकवण्यासारखे यांच्याकडे काही नव्हतेच. विक्रीचा माल एकच, तो म्हणजे फसलेल्याने पुढच्याला फसवण्याचा परवाना.

25,000 रुपये म्हणजे ढोकीच्या शिवारात किती होतात? 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. त्या भावानेसुद्धा पाच क्विंटल सोयाबीन विकले तरी 25,000 भरत नाहीत. आणि हमीभाव तरी किती जणांच्या पदरात पडला? बाजारात त्याहून कमी भावाने माल घालून शेतकरी घरी गेला, हे सगळ्यांनी पाहिले. बापाने पाऊस, कीड, मजुरी, व्यापारी या सगळ्यांशी झगडून जे मिळवले, ते पोराने एका रात्रीत मोबाइलवरून कोणा सुटाबुटातल्या ‘कोच’च्या घशात घातले, असे घडते तेव्हा केवळ पैसा जात नाही. बापलेकाचे बोलणे बंद होते. ज्या मित्राला पॅकेज विकले त्याच्या घरचा उंबरा परका होतो. गावात माणसाची पत एकदाच जाते आणि हे लोक पोरांना तीच पत गहाण ठेवायला लावतात.

हे पहिल्यांदा घडते आहे, असेही नाही. 2010-11 मध्ये सिंगापूरला नोंदलेल्या ‘स्पीक एशिया’ने याच महाराष्ट्रात धुमाकूळ घातला. 11,000 रुपये भरा, आठवड्याला दोन ऑनलाइन सर्वेक्षणे भरा आणि वर्षाला 52,000 मिळवा, असा तो मोह. खरी कमाई मात्र नवीन माणूस आणण्यात. देशभरातले 20 लाखांहून अधिक लोक त्यात शिरले, 2011 मध्ये पैसे मिळणे थांबले आणि मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेला दोन हजार कोटींहून अधिक रुपयांच्या फसवणुकीचा तपास हाती घ्यावा लागला. 2014 मध्ये नाशिकच्या ‘केबीसी मल्टिट्रेड’ची साखळी तुटली, तेव्हा तिचे बळी मराठवाड्यातही निघाले. त्या वेळी मंत्र्यांनी काय काय आश्वासने दिली! त्यानंतर तरी गावोगाव जाऊन कोणी तरुणांना सावध केले काय? साखळीचे नाव बदलले, सभागृहाच्या जागी झूम आले, रंगीत पुस्तिकेच्या जागी रील आली. बाकी सगळे तेच.

कायदे नाहीत असे म्हणायचीही सोय सरकारला नाही. पैसे फिरवणाऱ्या साखळ्यांवर बंदी घालणारा कायदा 1978 चा आहे. 28 डिसेंबर 2021 रोजी केंद्राने थेट विक्रीचे नियम काढले. त्यांत पिरॅमिड योजनांना स्पष्ट मनाई आहे आणि देखरेखीची यंत्रणा उभी करण्याची जबाबदारी प्रत्येक राज्य सरकारवर टाकली आहे. कुठे आहे ती यंत्रणा? धाराशिव जिल्ह्यात तिचे दार कोणत्या रस्त्यावर उघडते, हे जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर करावे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाख आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड ठेवला आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंग क्लासच्या खोट्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. नीट आणि यूपीएससीच्या क्लासला जो चाप लागतो, तो ‘लाख रुपये कमवा’ म्हणणाऱ्यांच्या मानेपर्यंत का पोचत नाही?

अमेरिकेत 2012 पासून एक साधा नियम लागू आहे. अशी धंद्याची संधी विकणाऱ्याने पैसे घेण्याच्या किमान सात दिवस आधी एका पानावर स्वतःची माहिती लिहून द्यायची. त्याच्यावर खटले झाले असतील तर तेही सांगायचे. कमाईचा दावा केला तर त्याचा पुरावा मागणाऱ्याला दाखवायचा. सात दिवस! ‘पुढच्या दहा मिनिटांत’वाल्यांचा सगळा धंदा या एका अटीने मोडून पडेल. आमची मागणी हीच आहे. जो कोणी कमाई शिकवतो म्हणतो, त्याने आधी आपली वही दाखवावी. शिकवणीतून आलेले पैसे एका बाजूला आणि प्रत्यक्ष माल विकून आलेले दुसऱ्या बाजूला. शंभर शिष्यांपैकी किती जणांनी भरलेले पैसे तरी वसूल केले, तेही लिहावे. मुंबईत विधानमंडळ भरते, नागपुरात भरते. असा कायदा करायला या राज्याला कोणी अडवले आहे?

आता जाहिरात घेणाऱ्या कंपन्यांकडे वळू. एखाद्या छापील वर्तमानपत्राने अशी जाहिरात घेतली तर वाचक संपादकाच्या टेबलावर येऊन जाब विचारतो. या कंपन्यांना ढोकीतला कोणता पोरगा बेकार आहे, रात्री किती वाजेपर्यंत जागा असतो, काय शोधतो, हे सगळे ठाऊक असते. त्याच माहितीच्या जोरावर त्या त्याच्याच पडद्यावर भामट्याची जाहिरात नेमकी नेऊन ठेवतात आणि त्याचे पैसे घेतात. ही भागीदारी आहे. तिला दुसरे नाव देऊ नका.

खऱ्या धंद्याचा हिशोब मात्र या मास्टरक्लासांत कोणी मांडत नाही, म्हणून आम्हीच उदाहरणादाखल मांडतो. समजा, अर्धा किलो कडक भाकरीचे पाकीट 200 रुपयांना ऑनलाइन विकले. ज्वारी, सरपण, मीठ-तीळ 70, पॅकिंग 15, कुरिअर 60, पोर्टलची कपात 30. हातात उरले 25, आणि त्यात भाकरी थापणाऱ्या आईची मजुरी धरलेलीच नाही. पाच पाकिटांतले एक परत आले, तर जाण्यायेण्याचे 120, पॅकिंगचे 15 आणि चुरा झालेला 70 चा माल, असे 205 गेले. चार पाकिटांवर कमावले 100. म्हणजे पाच पाकिटे विकायला निघालेला माणूस 105 रुपयांनी खाली! आता तशीच तीन पाकिटे एकत्र बांधून, आगाऊ पैसे घेऊन, पुण्यात राहणाऱ्या गाववाल्याला व्हॉट्सॲपवरून थेट विकली तर? विक्री 600, माल 210, पॅकिंग 25, कुरिअर 90. हातात 275. धंदा इथे आहे. या त्रैराशिकाला 25,000 चे पॅकेज लागत नाही, सातवीचे गणित लागते.

सुरुवातही इतकीच साधी आहे. एक माल निवडा, जो तुमच्या घरात किंवा शिवारात होतो. कुंथलगिरीचा खवा आणि तुळजापूरची कवड्यांची माळ यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ती नावे साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहेत, मग त्यांचा बाजार बाहेरच्याने का खावा? खाण्याचा पदार्थ असेल तर अन्न सुरक्षेची छोट्या उत्पादकाची नोंदणी वर्षाला 100 रुपये शुल्कात होते. पाकिटावर वजन, किंमत, तारीख, पत्ता छापा. राज्याच्या आत पोर्टलवरून माल विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला 1 ऑक्टोबर 2023 पासून जीएसटी नोंदणीची सक्ती उरलेली नाही, उलाढालीच्या मर्यादेत राहून नुसता नावनोंदणी क्रमांक घेतला की चालते. परराज्यात माल पाठवायचा असेल तर मात्र नोंदणी हवी. हे न सांगता दलाल पहिल्याच दिवशी नोंदणी काढून मोकळे होतात. पुढे विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरले नाही म्हणून दिवसाला 20 रुपये विलंब शुल्क चढत राहते, एकेका विवरणपत्रामागे 500 पर्यंत. धंदा सुरू होण्याआधीच पोरगा थकबाकीदार!

हिशोबाने धंदा कसा चालतो, हे पाहायचे तर बायकांकडे पाहा. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि या जिल्ह्यात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’सारख्या संस्थांनी बायकांना उभे केले. बचत गटांच्या कितीतरी बाया आज मसाला, डाळ, पापड विकतात, पै-पैचा हिशोब लिहितात आणि दर बैठकीत तो सगळ्यांपुढे वाचतात. त्यांनी कोणाच्या मोटारीचा फोटो बघून धंदा सुरू केला नाही. ग्रामपंचायतीने एक खोली, एक वजनकाटा आणि चांगले इंटरनेट दिले, त्या बायांचा अनुभव आणि पदवीधर पोरांचा मोबाइल तिथे एकत्र बसवला, तर ढोकीत जे उभे राहील ते कोणत्याही कोचला शंभर जन्मांत शिकवता येणार नाही. याला किती खर्च येतो? एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फलकांइतकासुद्धा नाही.

आणखी एक विष पसरते आहे, त्याबद्दल गप्प बसणे हा गुन्हा ठरेल. ‘ऑनलाइन काम’ म्हणून पोरांना सांगतात: तुझे बँक खाते वापरायला दे, महिन्याला पाच हजार घे. त्या खात्यातून कुठल्या तरी म्हाताऱ्याच्या आयुष्यभराच्या ठेवीचा चोरलेला पैसा वाहतो. पोलीस माग काढत येतात तेव्हा खाते गोठते आणि आरोपीच्या रकान्यात नाव लागते ते आपल्या पोराचे. व्हिडिओ लाइक करण्याचे ‘टास्क’ देणारेही त्याच जातीचे. आधी दोनशे रुपये देतात, मग दोन लाख नेतात. बँकेच्या शाखाधिकाऱ्यांनो, एखाद्या विद्यार्थ्याच्या खात्यातून अचानक लाखो रुपये इकडून तिकडे जाऊ लागले, तर त्याला बोलावून विचारण्याइतकीही तसदी तुम्हाला घेता येत नाही?

तरुणांनो, जो आधी पैसे मागतो तो नोकरी देत नाही, धंदाही देत नाही. जो मित्राला आणायला सांगतो, त्याला तुमचा मित्र खायचा आहे. फसला असाल तर लाजून दडून बसू नका, कारण तुमच्या लाजेवरच यांचे दुकान चालते. 1930 या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. जितक्या लवकर कराल, तितकी गेलेली रक्कम मधेच अडवली जाण्याची शक्यता जास्त. पैसे भरल्याच्या पावत्या आणि गटातले संदेश पुसू नका. तेच कागद घेऊन ढोकीच्या पोलीस ठाण्यात जा, एकटे जाऊ नका, फसलेले सगळे मिळून जा, आणि तक्रार नोंदवल्याची प्रत हातात पडल्याशिवाय तिथून उठू नका.