वारूळ कुणाचं?



गेल्या पावसाळ्यात चौथीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, वारूळ नाग बांधतो का मुंग्या?" मी फळ्याकडे तोंड करूनच सांगून टाकलं, "मुंग्याच गं. पांढऱ्या मुंग्या." सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात स्वच्छता मोहिमेत कुंपणालगतचं वारूळ फोडलं गेलं आणि तीच मुलगी हातात एक ढेकूळ घेऊन आली. त्यात भुरकट रंगाचं, स्पंजासारखं भोकाभोकांचं काहीतरी होतं. त्यावर खसखशीएवढे पांढरे दाणे. "सर, ही मुंग्यांची अंडी का?"

मला उत्तर येत नव्हतं. घरी जाऊन वाचलं तेव्हा कळलं, की आधीचं उत्तरही चुकीचंच दिलं होतं.

आपल्या रानातले मातीचे उंच बुरूज मुंग्यांचे नसतात, वाळवीचे असतात. वाळवीला आपण पांढरी मुंगी म्हणतो खरं, पण तिचं जवळचं नातं झुरळाशी आहे. मुंगीची कंबर बारीक असते, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात. वाळवीला कंबर जवळजवळ नसतेच आणि मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ असतात. मुंगी अंडे, अळी, कोष, प्रौढ अशा चार अवस्थांतून जाते, वाळवीला कोषाची अवस्था नाही. आणि नाग? तो तर भाडंही न देणारा भाडेकरू! 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच केलेली नाही.

आता ते ढेकूळ. ती वाळवीची शेती होती. आपल्याकडे सर्रास दिसणारी ओडोंटोटर्मिस ओबेसस ही वाळवी वारुळात बुरशी पिकवते. त्या बुरशीचं नाव टर्मिटोमायसिस. कामकरी वाळव्या वाळलेलं गवत, काटक्या, पाचोळा खातात आणि अर्धवट पचलेल्या विष्ठेचे थर रचून वाफा तयार करतात. बुरशीचे बीजाणूही त्याच विष्ठेतून वाफ्यात पडतात. लाकडातला जो कठीण भाग वाळवीला पचत नाही, तो बुरशी कुजवून मऊ करते. मग वाळवी ते पांढरे दाणे आणि जुना झालेला वाफा खाते. आत ओलावा आणि ऊब टिकून राहते, नको ती बुरशी वाढू नये म्हणून वाळव्या सतत राखण करतात. थोडक्यात पेरणी, खत, खुरपणी सगळं आलं. माणूस शेती करतोय साधारण दहा हजार वर्षं. वाळवीची ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाली असं शास्त्रज्ञ मानतात. दक्षिण अमेरिकेत पानं कापून बुरशी पिकवणाऱ्या खऱ्याखुऱ्या मुंग्याही आहेत, पण आपल्याकडे हा मान वाळवीचा. पावसाळ्यात वारुळातून वर येणारी अळंबी म्हणजे याच पिकाला आलेला तुरा. (मुलांना एवढं मात्र बजावून सांगा, की रानातली कुठलीही छत्री स्वतःच्या मनाने खायची नाही आणि वारुळात हात घालायचा नाही.)

मला या लेखात मत मांडायचं आहे ते असं. परिसर अभ्यासाच्या तासाला आपण परिसर सोडून बाकी सगळं शिकवतो. उत्तर पटकन देण्यात आपल्याला मोठेपणा वाटतो आणि 'मला माहीत नाही, चल बघू' म्हणायला लाज वाटते. चुकीच्या उत्तराने एक प्रश्न संपतो, पण त्यासोबत मुलाची विचारायची सवयही संपते. नुकसान आहे ते हे.

बघण्याची ताकद किती असते याचं उदाहरण आपल्याच मुलखात आहे. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी मुंबई सरकारसाठी दख्खनची माहिती गोळा करत होता. 1829 साली पुण्यात सकाळी फिरताना त्याला पडीक जमिनीवर गवताच्या बियांचे छोटे छोटे ढीग दिसले. जवळ जाऊन पाहिलं तर शेकडो मुंग्या बिळातून बी वर आणून उन्हात घालत होत्या. पावसात भिजलेलं धान्य वाळवणं चाललं होतं! त्या काळी युरोपातले बरेच अभ्यासक मुंगी धान्य साठवते ही निव्वळ गोष्ट आहे असं म्हणत, कारण त्यांच्या थंड प्रदेशातल्या मुंग्या साठवत नव्हत्या. पुण्याच्या माळावरच्या निरीक्षणाने त्या समजुतीला धक्का दिला. साइक्सकडे ना प्रयोगशाळा होती ना प्रोजेक्टर. तो थांबला आणि वाकून बघितलं, एवढंच. आमच्या पारनेर, कर्जतच्या माळांवर आजही पाऊस उघडला की बिळाच्या तोंडाशी फोलपटांचं कडं दिसतं. आपली किती मुलं तिथे वाकतात?

म्हणून माझी सूचना साधी आहे. जून ते सप्टेंबर आठवड्यातून वीस मिनिटं वर्ग मैदानात न्या. वहीत दोन रकाने आखा : 'काय दिसलं' आणि 'काय वाटलं'. मुंग्यांच्या रांगेवरून बोट फिरवा, रांग का गोंधळते ते मुलांना शोधू द्या. मुंग्या वासाने माग काढतात हे मग सांगावंही लागत नाही. मुंग्या तोंडात पांढरं काही नेताना दिसल्या, की आपण 'अंडी' म्हणतो. ते बहुतेक वेळा अळ्या किंवा कोष असतात. भिंग असेल तर दाखवा, नसेल तर डोळे आहेतच. पालकांनाही विनंती, की ओट्यावर मुंग्या दिसल्या तर लगेच खडू ओढू नका. आधी पाच मिनिटं लेकराला बघू द्या.

त्या मुलीच्या वहीतलं वाक्य मी लाल पेनने खोडलं. चूक तिची नव्हती, म्हणून खाली सही माझी केली. शेजारी तिने स्वतःच लिहिलं : "वारूळ वाळवी बांधते. आत शेती असते. मी पाहिली."

कुंपणापाशी पुन्हा मातीचा उंचवटा वर येतोय. यंदाच्या मोहिमेत त्याला कुणी हात लावायचा नाही, असं मुलांनीच ठरवलंय.