मातीला ‘गौण खनिज’ म्हणावें काय ?

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या गांवच्या एका खातेदारानें आपल्या नंबरांतील हातभर माती वीटभट्टीवाल्यास विकली. याच गृहस्थानें पूर्वीं वीतभर बांधासाठीं शेजाऱ्याशीं नऊ वर्षें दावा चालविला होता. त्याचे नकाशे व उतारे मीं कारकुनींत असतांना स्वतः हाताळलेले असल्यामुळें ही विसंगति मनास लागून राहिली. मीं विचारलें तेव्हां उत्तर मिळालें, “भाऊसाहेब, माती काय, पुन्हां होईल !” ती पुन्हां होते हें खोटें नाहीं. पण किती काळानें होते, तो हिशेब वाचकांपुढें मांडावा म्हणून हा लेखनप्रपंच.

पृथ्वीचें वय सुमारें ४५४ कोटी वर्षें आहे. हा आंकडा अंदाजपंचें धरलेला नव्हे. क्लेअर पॅटरसन या अमेरिकन शास्त्रज्ञानें उल्कापाषाणांतील शिशाची परीक्षा करून १९५६ सालीं तो ४५५ कोटी असा काढला, आणि पुढील शोधांनीं त्यांत फारसा फरक पडलेला नाहीं. सूर्याभोंवतीं फिरणारी धूळ व दगडांचे गोळे एकमेकांवर आदळून हा गोल वाढत गेला. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस अशा आघाताची थोडी कल्पना येईल. मात्र आरंभींच्या आघातांपुढें लोणारचा धोंडा म्हणजे गोफणींतला खडा. त्या उष्णतेनें सारी पृथ्वी रसरसलेली होती. जड लोखंड तळाशीं गेलें, हलके खडक वर राहिले, आणि गोल निवत गेला.

पाणी मात्र लवकर आलें असावें. पश्चिम ऑस्ट्रेलियांत जॅक हिल्स येथें झिरकॉन नामक खनिजाचे ४४० कोटी वर्षांपूर्वींपर्यंतचे कण सांपडले आहेत, आणि त्यांच्या घटनेवरून त्या प्राचीन काळींहि पाणी होतें असें अनुमान निघतें. त्याच प्रदेशांत सुमारें ३४८ कोटी वर्षांपूर्वींच्या खडकांत सूक्ष्म जीवांनीं रचलेले थर दिसतात. हवेंत तेव्हां मोकळा प्राणवायु जवळजवळ नव्हताच. तो दिला पाण्यांतील निळसर-हिरव्या सूक्ष्म जीवांनीं, सूर्यप्रकाशाच्या बळावर. परंतु आरंभीं तो हवेंत राहीना. समुद्रांत विरघळलेलें लोखंडच तो गिळून टाकी, आणि त्या लोखंडाचा गंज होऊन तळाशीं बसे. गोव्याच्या खाणींतून निघालेलें खनिज असल्याच प्राचीन पट्टेदार खडकांतलें आहे. हें देणें बरेंचसें फिटल्यावर, सुमारें २४० कोटी वर्षांपूर्वीं, प्राणवायु हवेंत सांचूं लागला.

तरीहि जमीन उघडीच होती. खडक होते, वाळू होती. पण ज्यांत नांगर घालावा असें कांहींच नव्हतें. खडक झिजून झालेला चिकण गाळ बहुतेक समुद्रास मिळे. सुमारें ४७ कोटी वर्षांपूर्वीं शेवाळासारख्या लहान वनस्पति किनाऱ्यावर चढल्या. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी गांवीं चाळीस कोटी वर्षांपूर्वींच्या वनस्पति दगड होऊन राहिल्या आहेत. त्यांच्या अंगांत बुरशीचे तंतु स्पष्ट दिसतात. मुळांनीं व बुरशीनें मिळून खडक फोडला, गाळ धरला, मेलेल्या पानांचें खत केलें. शेतीची माती हा या भागीदारीचा माल आहे. आमच्या पठाराचा काळा दगड तर त्यामानानें कालचाच. तो लाव्हा ६॥ कोटी वर्षांपूर्वींचा. पृथ्वीचें वय जुन्या सोळा आण्यांचा रुपया मानिलें, तर वनस्पतींचा जमिनीवरील काळ पावणेदोन आण्यांहूनहि कमी, आणि आमच्या खडकाचा तीन पैहूनहि कमी भरतो. त्या खडकाची इंचभर माती होण्यास आजहि शेंकडों वर्षें लागतात.

अशा वस्तूस सरकारी कागदांत ‘गौण खनिज’ म्हणतात ! ब्रासावर स्वामित्वधन भरलें कीं कागद निकालांत निघाला. मींहि असे कागद पुष्कळ निकालांत काढले, हें कबूल केलें पाहिजे. तेव्हां त्या शब्दांत कांहीं वावगें आहे असें मनांतहि आलें नाहीं.

कोणी म्हणतील, गरजवंतानें काय करावें ? गरज मी जाणतों. उंचवटा काढल्यावाचून पाणी सारखें बसत नाहीं हेंहि खरें. पण मग वरची वीतभर माती बाजूस ओढून ठेवावी, खालचा मुरूम द्यावा, आणि तीच माती परत पसरावी. आमच्या या गृहस्थानें तेवढेंहि केलें नाहीं. यंदा त्याची ज्वारी गुडघ्यावर गेली नाहीं.

आपल्या सातबाऱ्यांत क्षेत्र आहे, आकार आहे, पीक आहे. खोलीचा रकाना नाहीं. जुन्या लोकांस तिचें महत्त्व ठाऊक होतें. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापूर तालुक्यांतून जी पैमाश सुरू केली, तिच्यांतून पुढें आलेल्या प्रतबंदींत रंग व पोत यांबरोबर खोलीहि पाहत. पावणेदोन हात खोल, एकसारखी काळी जमीन सोळा आण्यांची ठरे. हेतु साऱ्याचा होता हें खरें, पण जमीन खणून पाहिली जात होती. माझें मत असें आहे कीं, तो रकाना संघाच्या सभासदांनीं आपला आपण सुरू करावा. दर नंबरांत ठराविक तीन जागीं, पेरणीपूर्वीं, मुरूम लागेपर्यंत पहारीनें खोली पाहावी, इंचांत लिहावी, आणि दर पांच वर्षांनीं ताडून पाहावी. नोंदवही आंखून देण्यास मी तयार आहें. कागद तेवढा संघानें द्यावा.