नागरिकत्वाची किल्ली गावच्या दप्तरात

लासलगाव म्हटले की मराठी माणसाला कांदा आठवतो. निफाड तालुक्यातील या गावाच्या बाजार समितीत सकाळी पुकारलेला भाव दुपारपर्यंत देशभर पोहोचतो. पण या गावाची आणखी एक ओळख आहे आणि ती साता समुद्रापलीकडे गेलेली आहे. अठरा वर्षांच्या खंडानंतर, २००७ साली अमेरिकेने आपली बाजारपेठ भारतीय आंब्याला पुन्हा खुली केली. तेव्हा हापूसची पहिली पेटी तिकडे रवाना झाली ती लासलगावहून. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या येथील ‘कृषक’ प्रकल्पात आंब्यावर गॅमा किरणांची प्रक्रिया झाली, अमेरिकी कृषी खात्याच्या निकषांवर ती तपासली गेली, पेटीवर प्रमाणाची मोहोर उमटली आणि मग तिला परदेशाचे दार उघडले. कोकणातील फळाला परदेशप्रवेशाचा दाखला लासलगावात मिळाला.

आंब्याच्या पेटीला जे साधले ते लासलगावात जन्मलेल्या माणसाला मात्र सहज साधत नाही. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी गेलेला, तेथे घर केलेला, कालांतराने तेथील नागरिकत्व पत्करलेला आणि उतारवयात पुन्हा भारतीय म्हणून मायदेशी राहू इच्छिणारा गृहस्थ घ्या. तो आपल्या शहरातील भारतीय वकिलातीत जातो. आपले नागरिकत्व येथेच परत मिळेल, अशी त्याची समजूत असते. तेथे गेल्यावर त्याला कळते की, गोष्ट इतकी सरळ नाही. प्रथम मागितला जातो तो जन्माचा पुरावा. त्यावरचे नाव, पारपत्रावरचे नाव आणि परकीय नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावरचे नाव ही तीन नावे एकमेकांशी जुळत नाहीत. येथून त्याची खरी यात्रा सुरू होते.

कायदा काय म्हणतो?

भारताने एकेरी नागरिकत्वाचे तत्त्व स्वीकारले आहे. राज्यघटनेचा नववा अनुच्छेद आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम यांचा आशय स्पष्ट आहे. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, की भारतीय नागरिकत्व आपोआप संपुष्टात येते. त्यासाठी कोणाच्या आदेशाची गरज नाही. हे तत्त्व राष्ट्रहिताचे आहे. निष्ठा वाटून घेता येत नाही, हा त्यामागचा विचार आहे आणि त्यात ढिलाई करावी, असे कोणीही सुचवणार नाही.

या तत्त्वाला धक्का न लावता परदेशस्थ बांधवांशी नाते टिकावे म्हणून ‘ओसीआय’ कार्डाची योजना आली. तिची पहिली कार्डे जानेवारी २००६ मध्ये हैदराबादच्या प्रवासी भारतीय दिवसात दिली गेली आणि २०१५ मध्ये जुनी ‘पीआयओ’ योजनाही तिच्यात विलीन झाली. या कार्डाने आजीवन व्हिसा मिळतो, पण त्याला नागरिकत्व म्हणता येत नाही. कार्डधारकाला मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सामान्यतः सरकारी पद मिळत नाही. लासलगावसारख्या कृषिप्रधान गावातील माणसाला जी मर्यादा सर्वाधिक बोचते ती वेगळीच आहे. कार्डधारकाला वारसाहक्काने आलेली शेती ठेवता येते. नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. बापाच्या वाट्याची चार बिघे त्याची होतील, पण बांधालगतची दोन बिघे विक्रीला निघाली तर त्याला ती घेता येणार नाहीत.

मग नागरिकत्व परत कसे मिळवायचे? कायद्याच्या पाचव्या कलमात त्याची वाट आहे. जो स्वतः किंवा ज्याचे आईवडील पूर्वी स्वतंत्र भारताचे नागरिक होते, त्याने अर्जापूर्वी बारा महिने भारतात वास्तव्य करावे आणि नोंदणीने नागरिकत्व मागावे. पाच वर्षे ओसीआय कार्डधारक असलेल्यालाही बारा महिन्यांच्या वास्तव्यानंतर हाच मार्ग खुला आहे. २०१५ च्या दुरुस्तीने विशेष परिस्थितीत या वास्तव्यात तीस दिवसांपर्यंतच्या खंडाची सूट देण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. अर्ज संगणकाद्वारे भरायचा आणि कागदपत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे सादर करायची. तेथून तो राज्य शासनामार्फत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. म्हणजे लासलगावच्या माणसाचा परतीचा रस्ता न्यूयॉर्कच्या वा लंडनच्या दूतावासातून जात नाही, तर नाशिकच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून जातो.

दूतावासात केवळ घोषणापत्र देऊन नागरिकत्व परत घेण्याची एक सोय कायद्यात आहे, पण ती फार अरुंद आहे. आईवडिलांनी आठव्या कलमाखाली रीतसर घोषणा करून नागरिकत्वाचा त्याग केला असेल, तर त्यांच्या अज्ञान अपत्याचेही नागरिकत्व जाते. ते अपत्य सज्ञान झाल्यापासून एका वर्षाच्या आत घोषणा करून ते परत घेऊ शकते. सिंगापूरमध्ये जन्मलेल्या एका युवकाने २०१७ साली याच तरतुदीचा आधार घेतला. मद्रास उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला, परंतु ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. आईवडिलांनी सिंगापूरचे नागरिकत्व घेताच नवव्या कलमाने त्यांचे भारतीयत्व आपोआप संपले होते. त्यांनी आठव्या कलमाखाली त्याग केलेलाच नव्हता, म्हणून मुलाला ती सवलत लागू होत नाही, असा निकालाचा आशय आहे. परदेशातील असंख्य कुटुंबे याच प्रकारात मोडतात. आपल्या मुलांसाठी हे दार उघडे आहे, असे मानून निश्चिंत राहिलेल्यांनी या निकालाची नोंद घेतली पाहिजे.

कागदांची साखळी

ज्या कागदावर हे सारे उभे आहे तो कागद कोठून येतो? परदेशात भारतीय दस्तऐवज ग्राह्य धरला जावा म्हणून १९६१ च्या हेग कराराची व्यवस्था आहे. तिच्यातील ‘ॲपोस्टील’ नावाची मोहोर भारतासाठी १४ जुलै २००५ पासून लागू झाली. आधी राज्य शासनाच्या कक्षाचे साक्षांकन, नंतर परराष्ट्र व्यवहार मंत्रालयाची मोहोर, असा हा क्रम आहे. करारात नसलेल्या देशांसाठी त्या देशाच्या वकिलातीचे साक्षांकन आणखी वेगळे. अलीकडे ‘ई-सनद’सारख्या संगणकीय सोयी आल्या आणि मंत्रालयाच्या पायऱ्या काही अंशी कमी झाल्या, हे मान्य केले पाहिजे.

पण मोहोर कितीही मोठी असली तरी ती खालच्या नोंदीवर उमटते. नोंदच नसेल तर मोहोर कशावर उठवायची? जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. त्यापूर्वी आणि त्यानंतरही बरीच वर्षे खेड्यापाड्यांत घरी झालेल्या जन्माची नोंद व्हायचीच असे नाही. झाली तर पुष्कळदा नावाशिवाय व्हायची. ‘मुलगा’ एवढाच शेरा आणि वडिलांचे नाव. नाव ठेवले जाई बारशाला आणि दप्तरात चढे ते थेट शाळेच्या पटावर. जन्मतारीखही अनेकदा गुरुजींच्या सोयीची असे. पुढे पारपत्रात वडिलांचे नाव कधी मधल्या रकान्यात गेले, कधी मूळ नावालाच चिकटले. लग्नानंतर स्त्रीचे नाव, मधले नाव आणि आडनाव अशी तिन्ही बदलली. गावात या साऱ्याचा कोणालाच घोळ वाटत नाही, कारण गाव माणसाला ओळखते. परदेशातील कारकुनासमोर मात्र या तीन व्यक्ती ठरतात.

विलंबित नोंदीचा मार्ग कायद्यात आहे. वर्ष उलटून गेलेल्या जन्माची नोंद दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने करता येते. पण याच नाशिक जिल्ह्यातील मालेगावात २०२५ च्या आरंभी विलंबित जन्मदाखल्यांचे प्रकरण गाजले. राज्य शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले आणि पुढे नियम अधिक कडक झाले. ही कठोरता आवश्यकच होती. ज्याचा या भूमीशी संबंध नाही त्याने खोट्या दाखल्याच्या बळावर नागरिक व्हावे, हे कोणत्याही राष्ट्राला परवडणारे नाही. मात्र यातून एक धडा मिळतो. खोटा दाखला रोखायचा आणि खरा दाखला लवकर द्यायचा, ही दोन्ही कामे एकाच नोंदवहीवर अवलंबून आहेत. नोंदवही चोख असेल तर घुसखोर अडतो आणि भूमिपुत्राला वाट मिळते. ती विस्कळीत असेल तर नेमके उलटे घडते.

दप्तर चोख करता येते, याचा पुरावा महाराष्ट्रानेच दिला आहे. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तहसील कार्यालयांतील फडताळे उघडली गेली. गाव नमुना चौदा, कोतवाल बुके, शाळांची जनरल रजिस्टरे, मोडीतील पाने हे सारे बाहेर आले. मोडी वाचकांना बोलावून वाचन झाले आणि लक्षावधी नोंदी हाती लागल्या. इच्छाशक्ती असली की शंभर वर्षांपूर्वीचे पान सापडते. मग याच पानांची नावानिशी सूची करून ती कायमस्वरूपी उपलब्ध का करू नये?

इतिहासाची साक्ष

परदेशस्थ मराठी माणसाची कागदाने केलेली अडवणूक नवी नाही. वर्ध्याला १८८४ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर चळवळीतील अग्रणी क्रांतिकारक. मेक्सिकोत त्यांनी कृषिशास्त्रज्ञ म्हणून नाव कमावले, मक्याच्या वाणांवर काम केले आणि तेथील विख्यात चित्रकार दिएगो रिवेरा याने त्यांना आपल्या भिंतीचित्रात स्थान दिले. ज्या स्वातंत्र्यासाठी ते देशोधडीला लागले ते आल्यावर त्यांनी मायदेशी परतायचे ठरवले, तेव्हा ब्रिटिशांच्या काळ्या यादीतील त्यांचे नाव आडवे आले. परकी सत्ता गेली होती. तिची यादी मात्र दप्तरात तशीच होती. अखेर अडथळा दूर झाला, ते नागपुरात स्थिरावले आणि १९६७ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. क्रांतिकारकाची ही गत, तर सामान्यांची काय कथा!

कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली समाजाचे उदाहरणही बोलके आहे. पेणकर, नवगावकर अशी आडनावे ते आजही लावतात. मूळ गाव आडनावातच कोरलेले आहे, पण कार्यालय आडनावाला पुरावा मानत नाही. तेथील सक्तीच्या लष्करी सेवेमुळे ओसीआय कार्ड मिळण्यात येणारी अडचण दूर करण्याची घोषणा पंतप्रधानांनी जुलै २०१७ मध्ये तेल अवीव येथे केली. गोव्यात पोर्तुगीज नोंदणीमुळे भारतीय पारपत्र रद्द झालेल्यांसाठीही एप्रिल २०२४ मध्ये पारपत्र परत केल्याच्या दाखल्याऐवजी ते रद्द झाल्याचा दाखला स्वीकारण्याचा निर्णय झाला. तत्त्व न सोडता व्यवहार सुकर करता येतो, हे या दोन्ही निर्णयांनी दाखवून दिले.

करायचे काय?

परराष्ट्र मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२२ या एका वर्षात २,२५,६२० जणांनी भारतीय नागरिकत्व सोडले. यातील सर्वच परततील असे नाही. पण जे परतू इच्छितात त्यांचे अनुभव, कौशल्य आणि पुंजी देशाला हवी आहे. त्यांच्यासाठी कायदा सैल करण्याची गरज नाही; कार्यपद्धती घट्ट बांधण्याची आहे.

पहिली गोष्ट, वकिलातीने नागरिकत्व देऊ नये, परंतु कागदांची पूर्वतपासणी तेथेच व्हावी. अर्जदार विमानात बसण्यापूर्वी त्याचे दाखले तपासून जिल्ह्याकडे पाठवले गेले, तर बारा महिन्यांचे वास्तव्य आणि पडताळणी ही दोन्ही एकाच वेळी पूर्ण होतील. दुसरी गोष्ट, परकीय नागरिकत्वाच्या त्यागाची. भारताची मंजुरी कळल्यावर अर्जदाराने आपले परकीय नागरिकत्व सोडल्याचा पुरावा द्यायचा असतो. तो दिल्यानंतर अंतिम प्रमाणपत्र हाती पडेपर्यंत तो कोणत्याच देशाचा नसतो, अक्षरशः त्रिशंकू असतो. या अवस्थेला दिवसांची निश्चित मर्यादा नियमांत घातली पाहिजे. तिसरी गोष्ट जिल्ह्याची: जुन्या नोंदींची सूची आणि नावांतील किरकोळ फरकांच्या निराकरणाची एकसमान पद्धत.

कुटुंबांचेही कर्तव्य आहे. मुलगा परदेशी निघण्यापूर्वी बॅगेत लोणच्याची बरणी आठवणीने ठेवली जाते. तितक्याच आठवणीने त्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि पारपत्र यांवरील नावे जुळवून घ्यावीत. परदेशात अपत्य जन्मले आणि ते भारतीय राहावे अशी इच्छा असेल, तर वर्षाच्या आत वकिलातीत नोंद करावी. परकीय नागरिकत्व घेतलेच, तर भारतीय पारपत्र विनाविलंब परत करून त्याचा दाखला जपून ठेवावा. पुढे प्रत्येक दारात तो मागितला जातो.

लासलगावची पेटी परदेशात विश्वासाने उघडली जाते, कारण तिच्यावरील मोहोरेमागे प्रामाणिक प्रक्रिया उभी आहे. तीच विश्वासार्हता गावच्या जन्मनोंदवहीला लाभली पाहिजे. मातृभूमी परतणाऱ्या लेकराला पुरावा जरूर विचारेल, ते तिचे कर्तव्यच आहे. पण तो पुरावा तिच्याच घरातल्या फडताळात कसर खात पडला असेल, तर तो शोधून देणे हेही तिच्याच कारभाऱ्यांचे कर्तव्य ठरते.